पुढें न सरकणारी बैठक

मोटारगाडी बिघडली असें म्हटलें म्हणजे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें प्रथम इंजिन येतें, मागून ब्रेक येतो, चाकें येतात. चालक ज्या बैठकीवर बसतो तिची आठवण सहसा कोणास होत नाहीं. बैठक म्हणजे घरांतल्या खुर्चीसारखें एक सामान, अशी सर्वसाधारण समजूत. परंतु जेवतांना खुर्ची चार बोटें मागें राहिली तर माणूस फार तर वांकून घास घेतो. चालकाची बैठक चार बोटें मागें राहिली तर त्याच्या पायानें ब्रेकचें पेडल पुरतें दाबलें जात नाहीं, आणि मग रस्त्यावर पुढें काय उभें आहे यावर सर्व कांहीं अवलंबून राहतें.

पूर्वीच्या गाड्यांत बैठकीखालीं एक लोखंडी दांडी असे, व स्वस्त गाड्यांत ती अजूनहि असते. दांडी उचलावी, पायांचा रेटा द्यावा, बैठक रुळांवरून पुढेंमागें होते. दांडी सोडली कीं खिट्टी खांचेंत बसते. या व्यवस्थेंत बिघडण्यासारखें फारसें कांहीं नाहीं. अमेरिकेंतील महागड्या गाड्यांनीं हें काम विजेकडे सोंपविलें. १९५७ सालच्या फोर्ड थंडरबर्ड गाडीसाठीं तर अशी सोय निघाली होती कीं, चावी बंद करतांच बैठक आपोआप मागें सरून चालकाला उतरण्यास वाट देई, आणि चावी फिरवितांच पुन्हां ठरल्या जागीं येई. इकडे ही चैन पोंचण्यास पुष्कळ काळ जावा लागला. पण आतां ती अंगणांत आली आहे. शिरूर तालुक्यांतील रांजणगांवच्या औद्योगिक वसाहतींत फियाटचा कारखाना आहे. २०१७ पासून तेथें जीप कंपास ही गाडी तयार होऊं लागली, आणि तिच्या उंची प्रकारांत चालकाची बैठक विजेवर सरकते. शिवाय शहरांतल्या श्रीमंतांनीं वापरून सोडलेल्या निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्या दुसऱ्यातिसऱ्या हातानें ऊंसवाल्या गांवांत येतात त्या वेगळ्याच. गाडी येते, तिची माहिती मात्र तिच्याबरोबर येत नाहीं. माहितीचें पुस्तक बहुधा पहिल्या धन्याच्या घरींच राहिलेलें असतें.

अशा बैठकीच्या पोटांत असतें तरी काय? एक लहानशी विद्युत्-मोटर पुढेंमागें सरकविण्यासाठीं, दुसरी उंचीसाठीं, तिसरी पाठ कलती करण्यासाठीं. गाडी जितकी उंची तितक्या मोटरी अधिक. मोटर फिरली कीं दांत्यांच्या पेटीमार्फत ती रुळाच्या अंगचा एक लांब स्क्रू फिरविते, आणि त्या स्क्रूच्या आट्यांवरून बैठक मुंगीच्या पावलांनीं सरकते. रचना अशी कीं, मोटर बैठकीला ढकलूं शकते, पण बैठक मोटरला उलट फिरवूं शकत नाहीं. म्हणून वीज बंद असली तरी बैठक आपली जागा सोडीत नाहीं. वीज १२ व्होल्टच्या बॅटरींतून फ्यूजमार्गें निघते, बैठकीच्या कडेला असलेल्या स्विचांत जाते, तेथून दोन तारांनीं मोटरला मिळते, व शेवटीं गाडीच्या पत्र्यामार्गें बॅटरीच्या ऋण टोंकास परत जाते.

एकच मोटर पुढेंहि नेते व मागेंहि आणते, हें कसें, असा प्रश्न कोणी विचारील. दौंडच्या माणसाला तो पडूं नये. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंड जंक्शनांत शिरली म्हणजे तिचें इंजिन एका टोंकाचें काढून दुसऱ्या टोंकाला जोडावें लागे, आणि तेच डबे आल्या दिशेनें उलट निघत. स्टेशनाबाहेरून वळणारा जोडमार्ग झाल्यावर पुष्कळ गाड्यांचा तो खटाटोप संपला, पण फलाटावर चहा घेत ती अदलाबदल पाहिलेले लोक अजून हयात आहेत. मोटरचेंहि तसेंच. वीज एका तारेनें शिरली तर ती उजवीकडे फिरते, दुसरीनें शिरली तर डावीकडे. स्विच स्वस्थ असतां दोन्ही तारा पत्र्याशीं जोडलेल्या असतात. ‘पुढें’ दाबलें कीं पहिली तार तेवढी बॅटरीला भिडते. ‘मागें’ दाबलें कीं दुसरी. या दोन कामांसाठीं स्विचाच्या आंत धातूच्या पट्ट्यांचे निरनिराळे खटके असतात. मोटर एकच, तारा त्याच, फ्यूज तोच. निराळे काय ते फक्त खटके. एवढें ध्यानांत राहिलें म्हणजे पुढची हकीकत उलगडण्यास वेळ लागत नाहीं.

शिरूरास राहणारें एक जोडपें डोळ्यांपुढें आणावें. हकीकत कल्पनेंतली आहे, पण तिच्यांत न घडण्यासारखें कांहीं नाहीं. नवरा रांजणगांवच्या वसाहतींत पाळीवर कामास जाणारा, सहा फूट उंच. बायको कशीबशी पांच फूट. घरांत जुनी घेतलेली एक गाडी, आणि दोघेंहि ती चालवितात. विजेची बैठक त्यांना आवडली ती याच कारणानें. तिचें माहेर दौंडास. दिवाळीनंतर तिकडून परततांना चौफुल्याच्या अलीकडे एका रसवंतीपाशीं गाडी थांबली, खिडकींतून उंसाच्या रसाचे पेले आंत घेतले गेले, आणि त्यांतला अर्धा पेला दार व बैठक यांमधल्या फटींत लवंडला. फडक्यानें पुसून घेतलें, विषय संपला.

आठ दिवसांनीं बैठक पुढें येतांना अडखळूं लागली. बोट जोरानें दाबावें तेव्हां कोठें हाले. एके सकाळीं ती पुढें येईचना. ‘मागें’ दाबलें तर मात्र सुरळीत मागें गेली. नवऱ्यानें मनुष्यस्वभावाप्रमाणें पुन्हां पुन्हां करून पाहिलें. पुढें दाबावें, कांहीं नाहीं. मागें दाबावें, दोन बोटें मागें. अशा पांचसात परीक्षांनंतर बैठक मागच्या टोंकास जाऊन टेकली. त्याच्या लांब पायांना तें सोयीचेंच होतें. एका दुरुस्तीच्या दुकानांत गाडी दाखविली. तेथल्या कारागिरानें खालीं वांकूनहि न पाहतां निदान केलें: मोटर जळाली, ती सुटी मिळत नाहीं, सबंध बैठक पुण्याहून मागवावी लागेल. खर्चाचा आंकडा ऐकून दोघांनीं तो विचार पुढील महिन्यावर टाकला.

येथें श्रोत्यांनीं क्षणभर थांबावें. जी मोटर मागें जातांना खुशाल चालते ती जळालेली कशी असेल? ज्या तारांतून मागें जाण्याची वीज वाहते त्याच तारांतून पुढें येण्याचीहि वाहते, तेव्हां त्या तुटलेल्या कशा असतील? फ्यूज उडाला म्हणावें, तर मागें जाण्यास वीज आली कोठून? बैठकीनें आपल्या वागण्यानें तिघांनाहि निर्दोष ठरविलें होतें. परंतु दोष शोधण्यापेक्षां भाग बदलणें हल्लीं सोपें झालें आहे, आणि भाग बदलण्याचे पैसे गिऱ्हाइकाचे असतात. वैद्यानें नाडी न पाहतां शस्त्रक्रिया सांगावी तशांतला हा प्रकार, व तो एकट्यादुकट्या दुकानापुरता नाहीं.

पुढें चार दिवसांनीं दौंडहून फोन आला कीं वडिलांच्या छातींत दुखतें आहे, दवाखान्यांत ठेवलें आहे. नवरा दुपारच्या पाळीला गेलेला. बाईनें पाठीमागें दोन उशा लावल्या आणि गाडी काढली. उशी ही पाठीची फसवणूक आहे हें तिला न्हावऱ्याच्या अलीकडे कळलें. पुढें उंसानें शिगोशीग भरलेला ट्रॅक्टर-ट्रॉली चालला होता. तो एकाएकीं वळणासाठीं मंदावला. तिनें ब्रेकवर पाय दिला. परंतु पाय जितका पुढें रेटला तितकी पाठ उशींत मागें रुतली. पेडल अर्ध्यावर राहिलें. दाती ओठ धरून तिनें टांचेऐवजीं बोटांच्या टोंकानें तें दाबलें, आणि गाडी ट्रॉलीपासून हातभर अंतरावर उभी राहिली. लोंबणाऱ्या उंसाचीं पानें बॉनेटवर टेकलीं होतीं.

न्हावऱ्याच्या फाट्यावर बॅटऱ्या भारण्याचें व वायरिंगचें एक दुकान होतें. दुकानदार वयस्क. त्यानें प्रथम हत्याराला हात न लावतां प्रश्न विचारले.

“ताई, अजिबात हालत नाहीं, का एकाच अंगाला हालत नाहीं?”

“मागें जाते, काका. पुढें येत नाहीं.”

“पुढें दाबल्यावर आंतून घरघर ऐकूं येते? टक् असा आवाज?”

“कांहीं नाहीं. अगदीं गप्प.”

हे दोन प्रश्न म्हणजे या विद्येचें निम्में भांडवल. बैठक कोणत्याच अंगाला हालत नसेल तर फ्यूज, बॅटरी आणि पत्र्याशीं जोडलेली अर्थची तार हीं प्रथम पाहावींत. अर्थच्या तारेचें कडें गालिच्याखालीं पत्र्यावर बोल्टानें आवळलेलें असतें. गाडी आंतून धुण्याचा शोक असलेल्या घरीं तें गंजून हिरवें होतें. फ्यूज उडाला असेल तर त्याच अँपिअरचा घालावा. जागीं जाड तार गुंडाळण्याची चाल ट्रॅक्टरच्या संवयीनें मोटारींतहि आली आहे, ती घातक होय. बैठकीखालीं फोम व कापड असतें, आणि तापलेली तार त्यांतच असते. मोटर घरघरते पण बैठक हालत नाहीं, असें असेल तर विजेचा दोष नाहीं. दांते झिजले किंवा फिरता दांडा सुटला. मोटर कण्हते, दिवे मंद होतात व क्षणांत सर्व थांबतें, असें असेल तर रुळांत कांहीं अडकलें आहे असें समजावें. पाण्याची बाटली, नाणें, मुलाचें खेळणें, आणि ऊंसपट्ट्यांत धुळीनें घट्ट झालेलें जुनें ग्रीस. अडकलेली मोटर कित्येक पट वीज ओढते व तापते. पुष्कळ मोटरींत तापल्यावर आपोआप वीज तोडणारी योजना असते, म्हणून दहा मिनिटांनीं ती पुन्हां चालते आणि मालकाला वाटतें, दोष गेला. बैठक एका विशिष्ट जागींच बंद पडते, जराशी हालविली कीं चालते, तर खालची तारांची जुडी ओढली जाऊन तुटत आली आहे, किंवा उंदरानें कुरतडली आहे. आणि एकच अंग सरकून बैठक तिरपी होत असेल तर ती मुळींच चालवूं नये, दोन्ही रूळ वांकतात.

बाईच्या बैठकीचें उत्तर मात्र ‘एका अंगाला, आणि गप्प’ असें होतें. म्हाताऱ्यानें मान डोलावली आणि बैठकीखालीं विजेरीचा झोत टाकला. बैठक मागच्या टोंकास असल्यामुळें पुढच्या बाजूनें हात शिरण्यास जागा होती. मागचे बोल्ट मात्र बैठकीखालीं दडले होते, तेव्हां बैठक उचलून बाहेर काढण्याचा मार्गच नव्हता. पुण्याहून नवी बैठक आली असती तरी प्रथम जुनी हालवावीच लागली असती, ही गोष्ट शिरूरच्या निदानांत कोणीं लक्षांत घेतली नव्हती.

खालीं पिवळ्या रंगाचें एक कपलर दिसत होतें. “याला कोणीं हात लावायचा नाहीं,” तो म्हणाला. पिवळें कपलर म्हणजे एअरबॅगचें. बैठकीच्या कुशींत पुष्कळ गाड्यांत एअरबॅग असते, ती उडविणारी वीज फारच थोडी पुरते, आणि बॅटरी काढल्यावरहि तिच्या यंत्रांत थोडा वेळ वीज साठून राहते. त्यानें चावी काढून घेतली, बॅटरीचें ऋण टोंक सोडविलें, आणि चहा सांगितला. चहा हा येथें पाहुणचार नव्हता. कांहीं मिनिटें थांबणें हा कामाचाच भाग होता.

चहा झाल्यावर त्यानें मोटरचें दोन तारांचें कपलर सोडविलें, बॅटरी पुन्हां जोडली, आणि त्या दोन तारांच्या टोंकांना एक साधा दिवा लावला. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा जुना बल्ब, दोन तारा डाग देऊन जोडलेला. त्याच्यापाशीं आंकडे दाखविणारा मीटरहि होता, पण त्यानें तो घेतला नाहीं, व यांत त्याचें म्हातारपण नसून शहाणपण होतें. तारेचा एकच केस शिल्लक राहिला तरी मीटर बारा व्होल्ट दाखवितो, कारण त्याला वीज लागते ती नांवाची. दिव्याला पोटभर लागते. तार किंवा खटका अर्धमेला असेल तर मीटर खुशाली सांगतो आणि दिवा मिणमिणतो.

‘मागें’ दाबलें. दिवा लखलखला. ‘पुढें’ दाबलें. दिवा काळाच. मग त्यानें दिव्याचें एक टोंक पत्र्याला व दुसरें पहिल्या तारेला लावून पुन्हां ‘पुढें’ दाबावयास सांगितलें. अजूनहि काळाच. पहिल्या तारेला बॅटरीची वीज देणारा स्विचांतला खटका मेला होता. दिवा येथें पेटला असता, तर दोष पत्र्याकडे परतणाऱ्या दुसऱ्या खटक्याचा ठरला असता; पण तोहि स्विचांतच असतो. कसेंहि झालें तरी बैठक निर्दोष आणि मोटर निर्दोष.

“स्विच खोलायला तासभर लागंल,” म्हातारा म्हणाला. बाईनें घड्याळाकडे पाहिलें. त्यानें तिच्या चेहऱ्याकडे पाहिलें, कारण विचारलें नाहीं.

मग त्यानें जें केलें तें पाहून दौंडच्या जुन्या रेल्वेवाल्यांना आनंद झाला असता. बॅटरी पुन्हां सोडवून त्यानें तारेचे दोन तुकडे घेतले आणि कपलराच्या दोन टोंकांमध्यें ते उलटसुलट जोडले: पहिली तार दुसरीच्या जागीं, दुसरी पहिलीच्या. टोंकें एकमेकांस लागूं नयेत म्हणून चिकटपट्टी गुंडाळली. बॅटरी जोडली. “आतां मागें दाबा.”

बाईनें ‘मागें’ दाबलें आणि बैठक पुढें निघाली.

ज्या गाड्यांत बैठकीच्या जागा लक्षांत ठेवणारें छोटें गणकयंत्र असतें, त्यांत ही युक्ति करूं नये. तेथें स्विच केवळ इशारा देतो, हुकूम यंत्र देतें, व मोटर उलट फिरलेली पाहून तें गोंधळतें. साध्या दोन तारांच्या मोटरीला मात्र इंजिन कोणत्या टोंकाला लागलें याच्याशीं कर्तव्य नसतें.

बैठक किती पुढें घ्यावी, याविषयींहि म्हातारा काटेकोर होता. ब्रेक तळापर्यंत दाबला असतां गुडघा थोडा वांकलेला राहावा. पाठ टेकलेली असावी. आणि छाती व चक्राचा मध्य यांत निदान २५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारें १० इंच, अंतर असावें, कारण चक्रांतली एअरबॅग उघडतांना तेवढी जागा मागते. बुटक्या माणसांना हीं दोन्ही टोंकें सांभाळणें कठिण जातें. त्यांनीं पाठ थोडी कलती करून पाहावी. बाईची बैठक जागीं बसल्यावर त्यानें जोडलेल्या तारा काढल्या, पण मोटरचें कपलर परत लावलें नाहीं. तोंडावर चिकटपट्टी लावून तें बाजूला बांधलें. आतां चुकून कोणतेंहि बटण दाबलें गेलें तरी बैठक हालणार नव्हती, आणि स्क्रूच्या आट्यांमुळें ती आपण होऊनहि सरकणार नव्हती. उशा त्यानें मागच्या बाकावर टाकल्या. तेवढ्या कामाचे त्यानें शंभर रुपये घेतले, आणि चहाचे घेतले नाहींत.

पारगांवचा भीमेवरचा पूल, केडगांव, चौफुला, पाटस असा रस्ता करून ती दिवेलागणीस दौंडास पोंचली. वडील बसते झाले होते.

पुढल्या रविवारीं नवरा गाडी घेऊन न्हावऱ्यास गेला. त्याला अर्थातच गुडघे पोटाशीं घेऊन चालवावें लागलें, व बायकोला पाय न पोंचण्याचें दुःख त्याला जितकें त्या वाटेवर समजलें तितकें एरव्हीं समजलें नसतें. म्हाताऱ्यानें बॅटरी सोडविली, बैठकीच्या कडेचें प्लॅस्टिकचें झांकण काढलें व स्विच बाहेर घेतला. स्विचाच्या खालच्या अर्ध्या भागांत रस आटून काकवीसारखा पिंगट थर बसला होता, आणि त्या थरांत पंधरावीस मुंग्या चिकटून मेलेल्या होत्या. गोडाच्या वासानें त्या आंत शिरल्या असाव्यात. ‘पुढें’चा खटका थराखालीं होता. कच्चा संयोग झाल्यामुळें तेथें ठिणग्या पडून धातूवर काळा डागहि आला होता. ‘मागें’चा खटका वरच्या अंगास असल्यामुळें स्वच्छ राहिला होता.

त्यानें विजेचे भाग धुण्याच्या स्पिरिटमध्यें बुडविलेल्या ब्रशानें तो थर काढला, बारीक पॉलिश कागदानें डाग हलकेंच घासला, पुन्हां धुऊन वाळविलें. पाणी लावूं दिलें नाहीं. ग्रीसहि भरलें नाहीं. खटका फार झिजला असता तर स्विच नवा घ्यावा लागला असता, पण तोहि सबंध बैठकीच्या मानानें कांहींच नव्हे. मोटरचें कपलर मूळच्या जागीं बसवून दिवा लावून पाहिला, मग मोटर. ‘पुढें’ दाबलें, पुढें आली. ‘मागें’ दाबलें, मागें गेली. नवऱ्यानें पुन्हां दाबून पाहिलें. म्हाताऱ्यानें त्याचा हात बाजूला केला आणि झांकणाचे स्क्रू आवळूं लागला.